तिसरी सही

प्रतिमाताई गेल्यावर दीड वर्षानं पुण्याची एक मुलगी हेरंबरावांच्या घरी आली. तिला ताईच्या एका कथेवर सिनेमा काढायचा होता. नाव ईशानी. तिशीतली, केस बारीक कापलेले, पाठीला भलीमोठी बॅग. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती चपला काढून आली आणि बसायच्या आधी भिंतीवरच्या ताईच्या फोटोसमोर जराशी उभी राहिली. हेरंबरावांना ते बरं वाटलं.

ताईनं लग्न केलं नव्हतं. बडोद्याच्या एका मराठी शाळेत तिनं तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर एकच कथासंग्रह छापून आणला, तोही पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाकडून. तिच्यामागे वारस म्हणायला पाच वर्षांनी धाकटा हा एकच भाऊ, हेरंब. त्यामुळे परवानगीच्या कागदावर सही त्याचीच लागणार होती.

"कुठली कथा म्हणालात?" हेरंबरावांनी विचारलं.

"'पाच वाजेपर्यंत'. भावाबहिणीची आहे ती. तुम्ही वाचली असेलच."

"हो, हो. वाचली आहे ना."

वाचली नव्हती. हेरंबराव कोयलीच्या रिफायनरीत सदतीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले. वाचायचं ते वर्तमानपत्र, आणि पूर्वी मशिनांची मॅन्युअलं. पुस्तक छापून आलं तेव्हा ताईनं पहिली प्रत त्यांच्याच हातात ठेवली होती. आत 'चि. हेरंबास, ताईकडून' असं तिच्या शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. "वाचतो सवडीनं," असं म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली. त्यानंतर आठ-नऊ वर्षं ताई जवळजवळ रोज त्यांच्याकडे जेवायला येत होती. वाचलंस का, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

"सिनेमा करताना थोडे बदल करावे लागतात काका," ईशानी कागद पुढे करत म्हणाली. "तसं इथे लिहिलंय. बघून घ्या."

"करा की. तुमचं शास्त्र तुम्हाला ठाऊक." हेरंबरावांनी चष्मा लावला आणि ती बोट दाखवील तिथे सह्या केल्या. मोहनानं, त्यांच्या बायकोनं, पोहे केले होते. ते खाताना ईशानी म्हणाली, "मी कॉलेजात असताना वाचली ही कथा. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही." ती गेल्यावर मोहना कितीतरी वेळ ताईच्या फोटोकडे बघत बसली. म्हणाली, "असत्या तर लाजून आत गेल्या असत्या."

सिनेमा व्हायला वर्ष लागलं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मराठी मंडळानं बडोद्यात त्याचा खास खेळ ठेवला. थिएटर भरलं होतं. ताईच्या शाळेतले शिक्षक आले होते, तिचे जुने विद्यार्थी आपापली पोरं घेऊन आले होते. शाळेचे एके काळचे मुख्याध्यापक फत्तेसिंहराव पंच्याऐंशीच्या घरातले, तेही काठी टेकत आले होते. हेरंबराव आणि मोहना पहिल्या रांगेत. मोहनानं ताईनं दिलेली पैठणी नेसली होती.

पहिली दहा मिनिटं हेरंबरावांना मजा वाटली. आपलं गाव पडद्यावर दिसलं की माणूस खुळावतोच. एक शाळेतली मास्तरीण, ती दर शनिवारी ग्रंथालयात जाते, तिथे पुस्तकं देणारा एक तरुण आहे. तो गुजराती, पण मराठी पुस्तकं वाचून वाचून मराठी बोलायला शिकलेला. आणि त्या मास्तरणीचा धाकटा भाऊ सायकलवरून दोघांच्या चिठ्ठ्या पोचवतो.

इथे हेरंबरावांनी खुर्चीचा हात धरला.

पडद्यावरची गोष्ट पुढे चालली. घरचे तयार होणार नाहीत म्हणून दोघं नोंदणी लग्न करायचं ठरवतात. त्याला तीन साक्षीदार लागतात. दोन त्या तरुणाचे मित्र. तिसरा मुलीचा भाऊ. मुलगी म्हणते, "माझ्या घरचं एक तरी माणूस तिथे हवं. नाहीतर मी पळून गेले असं होईल, लग्न करून गेले असं नाही होणार." भाऊ म्हणतो, "मी येतो ताई. काही झालं तरी येतो."

मग तो दिवस. कार्यालय पाच वाजता बंद होणार. भाऊ निघतो तोच वडील आडवे येतात. तो त्यांचा हात सोडवून निघतो. सायकलची साखळी पडते. तो सायकल तिथेच टाकून धावत सुटतो. घड्याळ, धावणारे पाय, खिडकीतली मुलगी, पुन्हा घड्याळ. पाचला पाच मिनिटं कमी असताना तो घामाघूम होऊन जिना चढतो आणि टेबलावरचं पेन उचलतो. थिएटरात टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी शिट्टी मारली. मोहनाचे डोळे वाहत होते. अंधारात तिनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. तो गार पडला होता.

"अहो, ताईंचं असं काही होतं का हो?" तिनं हळूच विचारलं.

"गोष्ट आहे ती," हेरंबराव म्हणाले.

दिवे लागल्यावर त्यांना वर बोलावून पुष्पगुच्छ दिला. लेखिकेचे बंधू म्हणून ओळख करून दिली. फत्तेसिंहरावांनी त्यांचा खांदा थोपटला. म्हणाले, "बहिणीनं भाऊ कसा रंगवलाय बघा. उगीच नाही रंगवत कुणी असा." माणसं येत होती, हात मिळवत होती. हेरंबराव मान हलवत होते. गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी ईशानीला बाजूला घेतलं.

"कथेत असंच आहे? तो येतो?"

ईशानीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचली होती ना काका?"

"फार दिवस झाले."

"नाही येत," ती म्हणाली. "कथेत तो नाही येत. यावरून आमची पुष्कळ भांडणं झाली. निर्माते म्हणाले, लोकांना रडत घरी पाठवू नका. मी महिनाभर ऐकलं नाही. पण खरं सांगू का, मलाही तो यावा असं वाटायचं. कितीदा वाचली असेल, दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहना भजनी मंडळाला गेली. हेरंबरावांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि खिडकीशी बसून बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाकडे तोंड केलं.

खरं जे घडलं ते असं.

त्र्याऐंशी सालचा फेब्रुवारी. ताई अठ्ठावीस वर्षांची, तो तेवीसचा, नुकताच कोयलीला लागलेला. ग्रंथालयातला तो तरुण म्हणजे अनुप सोळंकी. नोंदणीची नोटीस महिनाभर आधी लागली होती, आणि घरात कुणाला तिचा पत्ता नव्हता. मंगळवार होता. ताई शाळेत जाते म्हणून बाहेर पडली. हेरंबनं साडेतीनला कोठीकडच्या नोंदणी कार्यालयात पोचायचं असं ठरलं होतं. आणि दीड वाजता वडील, दामोदरपंत, अवेळी कचेरीतून घरी आले. त्यांच्या कुणा ओळखीच्यानं फळ्यावरची नोटीस वाचली होती.

दामोदरपंत ओरडले नाहीत. सायकलही त्यांनी अडवली नाही. आईला चहा टाकायला सांगितला, तो बशीत ओतून प्याले, मग म्हणाले, "परवा गुरुवारी भालेरावांकडे तुझी सुपारी फुटायची आहे. तू जा, खुशाल सही करून ये. संध्याकाळी मी स्वतः भालेरावांना कळवून येतो, की आमच्या मुलीनं असं असं केलं. आता तुमची मुलगी आमच्या घरात द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. काय ठरवतील, ते तुला ठाऊक आहे."

भालेरावांची मुलगी म्हणजे मोहना. तोवर हेरंबनं तिला तीनदा पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

तरी तो निघाला. चालतच निघाला. कार्यालयासमोरच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे अर्धा तास उभा राहिला. रस्ता ओलांडला की जिना. मग तो मागे वळला आणि घरी आला.

संध्याकाळी सहाला ताई परत आली. एकटीच. चेहरा उन्हानं रापल्यासारखा. त्यानं तिला दारातच गाठलं आणि वाटेत रचून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "बाबांच्या छातीत एकदम कळ आली ताई. मला निघताच आलं नाही."

आतल्या खोलीत वडील वर्तमानपत्राची पानं उलटत होते. त्याचा आवाज दोघांनाही येत होता.

"आता बरं आहे ना त्यांना?" ताईनं विचारलं.

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. गुरुवारी सुपारी झाली. मोहनाची वेणी ताईनंच घातली, तिच्या केसांत गजरा ताईनंच माळला. त्या विषयावर दोघांमध्ये पुन्हा एक शब्द निघाला नाही. अनुप बदली मागून भरुचला गेल्याचं कळलं, पुढे त्याचं लग्न झाल्याचंही कळलं. हेरंबला पोरी झाल्या, त्यांना ताईनं न्हाऊमाखू घातलं, त्यांचा अभ्यास घेतला. वर्षं गेली तसं त्याला वाटू लागलं की ताईनं त्याचं खरं मानलं. मग वाटू लागलं की ती विसरली. मग तोही विसरल्यासारखा झाला.

आता तो कथा वाचत होता, आणि पहिल्याच ओळीत थबकला. कथा भावाच्या तोंडची होती. 'मी' म्हणून सांगितलेली. ताईनं स्वतःविषयी काही लिहिलंच नव्हतं. ती त्याच्या आत शिरून बसली होती.

सगळं होतं त्यात. चिठ्ठ्या होत्या, वचन होतं, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातल्या परातीत पाणी घेऊन ट्यूबचं पंक्चर शोधणारा माणूस होता. तो हेरंबलाही आठवला. हे तिला कुठून कळलं? मग पुढची ओळ आली. 'वरच्या खिडकीत ताई उभी होती. तिनं मला पाहिलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.'

तिनं पाहिलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी तिनं त्याला येताना पाहिलं, उभं राहिलेलं पाहिलं आणि पाठ फिरवताना पाहिलं. म्हणजे संध्याकाळी दारात तो जे बोलला, ते खोटं आहे हे तिला तो बोलत असतानाच माहीत होतं.

पण कथेत ते खोटं नव्हतं. कथेतल्या भावाला वडिलांच्या छातीतली कळ खरीच दिसली होती. 'मी रस्ता ओलांडणार, तेवढ्यात मला बाबांचा पांढरा पडलेला चेहरा आठवला. घरात आई एकटी. ताईला पुढे पुष्कळ दिवस होते. बाबांना होते की नाही, कोण सांगणार? मी वळलो. माझे पाय मला ओढत होते, तरी वळलो.'

त्यानं घाईघाईनं सांगितलेली थाप ताईनं घेतली होती, आणि आपण डोळ्यांनी पाहिलेल्याशी ती जुळावी म्हणून तिला आत-बाहेरून टाके घातले होते. तो कोपऱ्यापर्यंत आला होता हेही खरं राहील आणि वडील आजारी होते हेही खरं राहील, अशी तजवीज केली होती. भाऊ खोटं बोलला नाही, असं एका जागी तरी लिहिलेलं असावं म्हणून. आणि ते पुस्तक त्याला देऊन ती नऊ वर्षं त्याच्या समोर बसून जेवली.

मोहना परत आली तेव्हा दिवेलागणीला अजून अवकाश होता. नवरा पुस्तक मांडीवर घेऊन तसाच बसलेला. तिनं दोनदा हाक मारली. मग त्यानं तिला सांगितलं, सुरुवातीपासून, सुपारीच्या गुरुवारासकट. मध्येच थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबला नाही.

मोहना पलंगाच्या काठावर बसली होती.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझा काय संबंध? तुला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं म्हणून तर." ती उठली. "मला कशाला सांगताय हे आता? मला सांगून काय होणार आहे? तो माणूस आहे ना अजून? त्याला जाऊन सांगा."

ती स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तिनं त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, गोळ्या काढून दिल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही.

अनुपचा पत्ता मिळायला वेळ लागला नाही. मांडवीजवळच्या ग्रंथालयात एका जुन्या कर्मचाऱ्यानं लगेच सांगितलं, अनुपभाई रिटायर होऊन सात वर्षांपूर्वी बडोद्याला परत आले, कारेलीबागेत मुलाकडे राहतात. हेरंबरावांना धक्का बसला तो याचा. सातातली पाच वर्षं ताई हयात होती.

गुरुवारी सकाळी अकराला ते तिथे पोचले. दार अनुपनं स्वतःच उघडलं. अंगात मळकट स्वेटर, डोळ्यांवर मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मुलगा आणि सून कामावर गेली होती.

"मी हेरंब. प्रतिमाचा भाऊ."

अनुपनं दारावरचा हात काढला नाही, पण थोड्या वेळानं तो बाजूला झाला. "आवो," म्हणाला. "बसा. माझी मराठी आता कटाई गेली, गंज चढला तिला. चुकलं तर समजून घ्या."

हेरंबरावांनी सिनेमाचं विचारलं.

"पेपरमध्ये वाचलं. नाही गेलो."

"आणि पुस्तक?"

"ते पण नाही. तिनं पाठवलं होतं, भरुचच्या पत्त्यावर. मी परत केलं पोस्टात." त्यानं चष्मा नीट केला. "तुम्ही आणलंय का?"

"आणलंय."

"माझा डोळा अजून एक महिना बंद आहे. तुम्ही वाचा. इतकी वर्षं झाली, आता ऐकायला काय हरकत."

असं काही होईल असं हेरंबरावांच्या मनातही नव्हतं. ते खरं काय घडलं तेवढं सांगून उठणार होते. पण समोरचा माणूस हात मांडीवर ठेवून, मान थोडी तिरपी करून वाट पाहू लागला. त्यांनी पुस्तक उघडलं. बहिणीनं त्यांच्या तोंडी घातलेला 'मी' ते बहिणीच्या माणसाला वाचून दाखवू लागले. शाळेत असताना ताईच त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, अडलं की बोटानं ओळ दाखवायची. चिठ्ठ्यांचा भाग आला तेव्हा अनुपच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. वचनाचा भाग आला. सायकलदुरुस्तीचं दुकान आलं. खिडकी आली. मग 'बाबांचा पांढरा पडलेला चेहरा' आला आणि हेरंबराव थांबले.

"पुढे?" अनुप म्हणाला.

"इथे ताईनं लिहिलंय ते खरं नाही."

"काय खरं नाही?"

"वडिलांना काही झालं नव्हतं. ते चहा पीत होते. दोन दिवसांनी माझी सुपारी होती. मी सही केली असती तर ती मोडली असती. म्हणून मी आलो नाही. कोपऱ्यापर्यंत आलो आणि परत गेलो. ताईला मी खोटं सांगितलं, आणि तिनं ते खोटं आहे हे माहीत असून असं लिहिलं."

बाहेर जिन्यावर कुणीतरी गॅसचा सिलिंडर आदळत चढवत होतं. तो आवाज वरच्या मजल्यावर जाऊन थांबला.

"तिनं तुम्हाला बघितलं होतं? खिडकीतून?"

"हो."

"किती वाजता?"

"चारचा सुमार असेल."

"सव्वाचार," अनुप म्हणाला. "ती तीन वाजल्यापासून खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, बस ने जरा. ती म्हणे, तो येईल, मला दिसायला हवा. सव्वाचारला वळली आणि म्हणाली, मला घरी जायचंय. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, मला जमणार नाही, अनुप. एवढंच. तिसऱ्या सहीसाठी मी खालचा चहावाला तयार ठेवला होता. कोण पण चालतो त्या लोकांना. मी चिडलो, ओरडलो तिच्यावर, सगळ्यांसमोर. ती जिना उतरून गेली." तो थांबला. "तुमचं नाव पण नाही काढलं तिनं. बेतालीस वर्षं मी समजत होतो की तिनंच ना पाडली, नाही म्हटलं. ऐन वेळेला घाबरली, मला सोडून गेली."

मग अनुप पुढे बोलू लागला.

"एकदा दिसली होती मला. मांडवीला. मी परत आलो त्या वर्षी. हातात भाजीची थैली. तिनं ओळखलं, उभी राहिली. मी बाजूच्या भांड्याच्या दुकानात शिरलो. मला काय भांडी घ्यायची होती? आत उभा राहिलो, दुकानदार दाखवत होता ते बघत राहिलो. बाहेर आलो तेव्हा ती नव्हती." त्यानं काळा चष्मा काढून रुमालानं बंद डोळ्याची कड टिपली आणि चष्मा परत लावला. "तुम्ही हे मला सांगायला का आलात?"

"बायको म्हणाली, त्यांना जाऊन सांगा."

"तुमचं हलकं झालं?"

"नाही."

"माझं जड झालं, हेरंबभाई. राग होता तो बरा होता. रागावर माणूस जगून जातो. आता मी त्या भांड्याच्या दुकानातून बाहेर कसा निघू?" आवाज चढला नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

हेरंबराव उठले. पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. अनुप म्हणाला, "बसा. शेवट राहिला ने. तो वाचून जा."

त्यांनी वाचलं. दीडच पान उरलं होतं. त्यात बहीण संध्याकाळी घरी येते, भाऊ तिला वडिलांच्या दुखण्याचं सांगतो, ती म्हणते बरं झालं तू त्यांच्याजवळ होतास, आणि दोघं जेवायला बसतात. कथा तिथेच संपत होती. पुढे काही नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं नाही. कारण मिटलं की उठावं लागणार होतं.

"त्या दिवशी ती कुठली साडी नेसली होती, ते लिहिलंय का त्यात?" अनुपनं विचारलं.

"नाही."

"पुष्कळ वर्षं मला आठवत होती. हिरवी होती असं वाटायचं. मग वाटलं, ती दुसऱ्याच कुठल्या दिवशीची, ग्रंथालयातली. आता काहीच दिसत नाही. तिला विचारायचं राहून गेलं. सहीला आलेल्या त्या दोन मित्रांतला एक वारला, दुसऱ्याला कुठून ठाऊक असणार? बायकांचं लक्ष असतं, आपलं नसतं."

हेरंबराव पुस्तकावर हात ठेवून बसले होते. त्या कोपऱ्यावर अर्धा तास त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या खिडकीकडेच जात होती.

"जांभळी," ते म्हणाले. "आईची होती. काठ पिवळे, रुंद. पदर तिनं दोन्ही खांद्यांवरून घेतला होता."

"जांभळी?"

"हो. आणि केसांत काही नव्हतं. वेणी पुढे घेतलेली."

अनुपनं मान मागे भिंतीला टेकवली. काळ्या चष्म्याखाली त्याचा चेहरा हळूहळू ओला होत गेला, त्यानं पुसायचा प्रयत्न केला नाही. हेरंबराव निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला नाही. पुस्तक त्यांनी तिथेच राहू दिलं.

घरी पोचेपर्यंत दीड वाजला होता. मोहनानं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. ती समोर येऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "भेटले?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

हेरंबरावांनी ताटावरचं झाकण काढलं, परत ठेवलं, आणि बायकोसमोर तोंड झाकून रडू लागले. मोहना जवळ आली नाही, उठूनही गेली नाही. त्यांचं होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.